पंचवीस विड्यांवरचा कागद

१९६६ साली भारताच्या संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी मिळून एकच कायदा केला. किंमत, गिऱ्हाईक आणि ऐट पाहिली तर या दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोन्हींत तंबाखू पानात गुंडाळलेला असतो आणि गुंडाळणारी माणसं नगावर मजुरी घेतात. कायद्याने तेवढंच पाहिलं.

दोन्हींच्या वेष्टनांनाही इतिहास आहे. हवानाच्या लाकडी पेटीचा इतिहास जगभरचे संग्राहक बारकाईने लिहून ठेवतात. सिन्नर, सोलापूर, गोंदियाच्या विडीवरचा कागद मात्र रस्त्यावर पडतो आणि पावसात विरघळतो. तो जपावा का? जपायचा तर त्याच्याबरोबर काय जपावं? या प्रश्नावरचा हा संवाद आंबिवलीतल्या एका घरात घडतो. मामांनी मोहन्याच्या एनआरसी या रेयॉन कारखान्यात आयुष्यभर नोकरी केली. कारखाना २००९ साली बंद पडला, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले होते. भाची कल्याणला परिचारिका आहे. तिची आई, म्हणजे मामांची अक्का, सोलापुरात विड्या वळायची. दोघं लेखासाठी कल्पिलेली आहेत. ज्या गोष्टींवरून त्यांचा वाद होतो, त्या घडलेल्या आहेत.

मामा : ही पेटी बघ. बोटीवर काम करणाऱ्या मित्रानं रिकामी आणून दिलीय. पार्तागास शॉर्ट्स नावाचे छोटे सिगार हिच्यात यायचे, पन्नासांची जुडी. हे घराणं १८४५ सालचं, पण हा त्यांचा धाकटा माल. लांबी ११० मिलिमीटर. जाडी ते इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. त्या मापानं ४२, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर. झाकण राहू दे, पेटी पालथी कर. तळाचे ठसे वाच. १९६० साली क्यूबाच्या सरकारनं सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. १९६१ पासून ‘क्यूबात बनवलेला’ हा ठसा स्पॅनिशमध्ये उमटू लागला. १९८९ पासून त्याला जोड मिळाली, ‘पूर्णपणे हाताने’. शिवाय कारखान्याची खूण, महिना आणि वर्ष. वरची सरकारी हमीची हिरवी पट्टी १९१२ च्या कायद्यानं आली आणि पुढे तिचंही रूप बदलत गेलं. एवढ्या खुणांवरून जाणकार पेटीचा काळ सांगतो.

भाची : आणि आईनं वळलेल्या विडीचा काळ कशावरून सांगाल?

मामा : कागदावरून! म्हणून तर गोळा करतो. गोंदियाच्या लेबलावर ‘सी. पी.’ दिसलं की समजायचं, मध्य प्रांताच्या जमान्यातलं आहे. तोच गोंदिया १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. विडी त्याच गावात वळली जात होती, पत्ता बदलत गेला. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. विडीवाल्यानं इतिहास लिहायला घेतला नव्हता, पण तो लिहिला गेला. मग चित्रं बघ. उंट, वाघ, मोर, देवदेवता, नुसते आकडे. ज्याला अक्षर लागत नाही तोही बोट दाखवून ‘उंटाची दे’ म्हणणार. सिन्नरच्या भिकूसा यमासा क्षत्रियांची उंट बिडी अशीच खपली. नाशिकचं बीवायके कॉलेज आहे ना, ते याच क्षत्रियांच्या नावाचं. एका लेबलावर मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार-पाच भाषा दाटीवाटीनं बसवलेल्या सापडतात. गरिबाच्या खिशात जाणारी ही चित्रकला आहे. राजा रविवर्म्याच्या प्रेसमधली देवादिकांची चित्रं संग्रहालयात गेली. त्याच छपाईची ही धाकटी भावंडं उकिरड्यावर का जावीत?

भाची : चित्रं देखणी आहेत, मान्य. पण मामा, यातल्या कितीतरी कागदांवर माणसाचा फोटो आहे. कोट, टोपी, कपाळाला गंध. कोण आहेत हे?

मामा : मालक. नकली माल ओळखता यावा म्हणून फोटो आणि सही छापायचे.

भाची : म्हणजे खरेपणाची साक्ष मालकाच्या चेहऱ्याची. विडी वळणाऱ्या बाईचा चेहरा राहू दे, हात तरी कुठल्या लेबलावर आहे?

मामा : माझ्याकडच्या एकाही लेबलावर नाही.

भाची : आणि तुम्ही मला हा कागद आईची आठवण म्हणून दाखवता! आईनं हा कागद कधी चिकटवलाच नाही. तिचं काम पानापासून सुरू व्हायचं. रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा मापाचा तुकडा ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. अशा हजार झाल्या की मजुरीचा हिशेब सुरू. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून ती कारखान्यात जमा करायची. तिथं तपासणी, मग भट्टीत शेकणं आणि सगळ्यात शेवटी लेबल, ते दुसऱ्याच माणसांच्या हातून. आईच्या हातचं जे होतं ते गिऱ्हाइकानं ओढून राख केलं. तुम्ही जपलंय ते कारखान्यानं तिच्या कामावर नंतर चढवलेलं पांघरूण.

मामा : हे मी असं कधी पाहिलं नव्हतं, खरंय. पण म्हणून कागद फेकायचा का? पंचवीस विड्यांच्या कट्ट्याला हा निमुळता आकार कशामुळे आला? विडी एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड. सगळी बारीक टोकं एकीकडे घेऊन बांधली की कट्टा निमुळता होतो आणि कागद त्याच घाटात कापावा लागतो. म्हणजे लेबलाचा आकार अक्काच्या हातानंच ठरवलाय. वाचता आलं पाहिजे.

भाची : हे मात्र पटलं. मग त्या कागदात जे नाही तेही वाचू. छाट आठवते तुम्हाला?

मामा : आठवते. तपासणारा विड्या बाजूला काढायचा. पान फाटलंय, दोरा सैल आहे, तोंड नीट नाही.

भाची : बाजूला काढलेल्या विडीची मजुरी नाही, आणि ती विडी परतही नाही. या एका गोष्टीवरून केवढं भांडण झालं! मुंबई राज्य सरकारनं १९५८ साली किमान वेतनाच्या अधिसूचनेत छाटीवर नियम घातले. गोंदियाचा विडी व्यापाऱ्यांचा संघ त्याविरुद्ध पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणालं, किमान वेतनाच्या कायद्यात सरकारला दर ठरवण्याचा अधिकार आहे, छाटीचे वाद सोडवण्याचा नाही. विडी आणि सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या वादाची तरतूद आली, ती या मागच्या झगड्यामुळे. कुठल्या बाईनं हजारातल्या किती विड्या फुकट दिल्या, हे तुमच्या पिनकोडवरून कळेल?

मामा : कळणार नाही. पण क्यूबाच्या पेटीवरही वळणाऱ्याचं नाव नसतं. ‘पूर्णपणे हाताने’ लिहितात, कुणाच्या हातानं ते लिहीत नाहीत. तरी एक गोष्ट त्यांची मला फार आवडते. १८६५ पासून तिथल्या कारखान्यांत वाचक असतो. कामगार सिगार वळतात आणि तो उंच जागी बसून आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचतो. त्याचा पगार सुरुवातीला कामगारच वर्गणी काढून द्यायचे. मॉन्तेक्रिस्तो हे सिगारचं नाव त्यांच्या आवडत्या कादंबरीवरून पडलं असं सांगतात. आपल्याकडे केरळात कण्णूरच्या विडी कारखान्यांतही वर्तमानपत्र वाचून दाखवायची रीत होती.

भाची : ते जमलं कारण माणसं एका छपराखाली बसत होती. सोलापूरची बाई आपापल्या घरात, उंबऱ्याशी बसून वळायची. तिला वाचून कोण दाखवणार? घरी काम दिलं की कारखानदाराचं छप्पर, वीज, पाणी वाचतं. तंबाखूची धूळ मात्र घरात राहते, आणि त्याच खोलीत मूल झोपलेलं असतं. मी होते ते मूल.

मामा : पण त्याच विडीवर तू शिकलीस, बाळ. अक्कानं तुझी फी त्याच मजुरीतून भरली. विडी नसती तर त्या बायकांनी काय केलं असतं? यंत्रमागावर पुरुष, घरात विडी. सोलापूरचा निम्मा कामगार संसार असाच उभा राहिला. विडीला नुसते दोष देणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

भाची : आईनं मला एकदाही सुपाशी बसू दिलं नाही. विडीबद्दल तिचं मत काय होतं, ते यातून मला कळलं. मजुरीबद्दल मी कृतज्ञ आहे, पण आईची. धंद्याची नाही. आणि ओढणाऱ्याचं काय? पानाची आहे, देशी आहे, सिगारेटपेक्षा सौम्य आहे, असं रुग्ण मला आजही सांगतात. खरं उलटं आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत जात नाही, विडी विझू लागते, म्हणून माणूस पुन्हापुन्हा आणि खोल ओढतो. त्यामुळे एवढ्याशा तंबाखूतून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या तोडीस तोड पोटात, म्हणजे फुप्फुसात जातं. २००८ साली भारतातल्या अकरा लाख घरांच्या पाहणीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी होतं, बाईचं आठ वर्षांनी. यातली एक ओळ तरी तुमच्या उंटाखाली होती का?

मामा : तेव्हा कायदाच नव्हता.

भाची : सिगारेटला होता! १९७५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना आली आणि विडीला वगळलं गेलं. पांढरपेशा ओढणाऱ्याला सावध केलं, हमालाला नाही. २००३ च्या कायद्यात विडी आली, पण चित्राची सूचना प्रत्यक्ष पाकिटावर यायला ३१ मे २००९ उजाडला. तेव्हा ती एका बाजूच्या ४० टक्के भागावर होती. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर. तुम्हाला जी कला वाटते तिच्यासाठी आता १५ टक्के उरलेत, आणि मला त्याचं समाधान आहे.

मामा : इथं माझं दुःख वेगळं आहे. मी सूचनेच्या विरोधात नाही. पण तो चिरफाडीचा फोटो पाहून माणूस मान फिरवतो. आमच्या काळी माणूस लेबल निरखून बघायचा.

भाची : मान फिरवली तरी चालेल, हात फिरला पाहिजे. आणि बहुतेकांनी तो फोटो पाहिलेलाच नसतो, कारण ते सुटी विडी घेतात. पानवाला कट्टा फोडतो, कागद खाली जातो, गिऱ्हाइकाच्या हातात नुसती विडी. म्हणून तर महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विडी-सिगारेट विकण्यावर बंदी आणली. वेष्टन गेलं की सूचनाही गेली.

मामा : म्हणजे वेष्टनाला किंमत आहे, हे तूही मानतेस.

भाची : मानते. म्हणूनच त्याच्याकडे कौतुकानं बघायची मला भीती वाटते. ते कामाचं हत्यार आहे. तुमच्या रेयॉनचंच उदाहरण घ्या ना.

मामा : रेयॉनचं कसं? हां, सेलोफेन. व्हिस्कोसचा तो मधासारखा द्राव बारीक भोकांतून आम्लात सोडला की रेयॉनचा धागा होतो, लांब फटीतून सोडला की सेलोफेनचा पारदर्शक पडदा. ब्रांडेनबर्गर नावाच्या स्विस माणसानं ते १९०८ साली शोधलं. १९२७ साली अमेरिकेत त्याला ओल लागणार नाही असं लुकण चढवलं गेलं. सिगार आणि सिगारेटच्या पाकिटांना ते लगेच भावलं, कारण आतला तंबाखू सुकत नाही आणि माल चकचकीत दिसतो. आंबिवलीत धागा निघायचा, सेलोफेन त्याचाच सख्खा भाऊ.

भाची : आणि तो द्राव करायला काय लागतं?

मामा : लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड.

भाची : त्या कार्बन डायसल्फाइडचा वायू मज्जातंतूंवर आणि मनावर परिणाम करतो, हे वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. जगातल्या कुठल्या रेयॉनच्या साडीवर किंवा सेलोफेनच्या वेष्टनावर हे लिहिलं होतं? वेष्टन वापरणाऱ्याशी बोलतं, बनवणाऱ्याचं काय झालं ते झाकतं. तुम्ही स्वतः त्या कारखान्यात उभे राहिलात, म्हणून हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळायला हवं.

मामा : कळतं गं. पण मला वाटतं, झाकणारी वस्तूच जपली नाही तर काय झाकलं होतं हे दाखवणार कसं? संभाजी बिडीचं घे. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीचं हे नाव कित्येक वर्षं खपत होतं. छत्रपतींचं नाव विडीवर नको, ते पायदळी जातं, म्हणून लोकांनी आंदोलनं केली. शेवटी कंपनीनं २०२० मध्ये नाव बदलायचं जाहीर केलं आणि ती साबळे बिडी झाली. जुनं लेबल कुणीच जपलं नाही, तर वीस वर्षांनी या वादाचा पुरावा काय?

भाची : नाव काढलं ते योग्यच झालं. माझं म्हणणं पुढचं आहे. कागदावरच्या नावाच्या मानासाठी माणसं रस्त्यावर आली. कागदाच्या आतली विडी वळणारीच्या मानासाठी मात्र तिलाच यावं लागलं. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्‌घाटनाला आले. आईचं घर तिथलंच. वसाहतीला नाव गोदूताई परुळेकरांचं. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलासरी-झरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या त्याच गोदूताई. या कथेचं एकही लेबल तुमच्या वहीत नाही.

मामा : नाही. असायला हवं. बरं, मी काय ठरवलंय ते ऐक. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. अशा एखाद्या ठिकाणी या लेबलांचं प्रदर्शन मांडावं असं मनात आहे.

भाची : आणि कॉलेजची पोरं येऊन म्हणतील, काय भारी डिझाइन! तंबाखूच्या जाहिरातीला कायद्यानं बंदी आहे, मामा. जुनी जाहिरात भिंतीवर लावली तर ती जाहिरात राहत नाही का?

मामा : नुसती लावली तर राहते. शेजारी काय लावतो त्यावर ठरेल. तू सांग काय लावायचं.

भाची : सांगते. पहिलं, २०१६ नंतरचा ८५ टक्के सूचनेचा कट्टा जुन्या लेबलांच्या रांगेतच हवा, शेवटी कोपऱ्यात नको. तोही वेष्टनाच्या इतिहासाचा भाग आहे. दुसरं, प्रत्येक लेबलाखाली त्या काळी हजार विड्यांना काय मजुरी मिळत होती ते लिहा. सरकारी अधिसूचनांत ते सापडतं. तिसरं, पान कुठून आलं ते. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात एप्रिल-मेच्या उन्हात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणारी माणसं या गोष्टीत कुठेच नसतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर तिथल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या, हे लोकांना कळू दे. तंबाखू निपाणीचा असेल तर १९८१ चं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यातला गोळीबारही लिहा. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांच्या संघर्षावर युगांतर या स्त्रीवादी गटानं १९८२ साली माहितीपट केला. तो मिळवा, दाखवा.

मामा : एवढं सगळं लावलं तर लेबलं दिसणार कुठे?

भाची : दिसतील. आजवर तीच दिसत आली.

मामा : कबूल. पण माझीही एक अट आहे. चित्रकाराला आणि छापणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही. चिमूटभर जागेत उंट बसवणारा तोही मजूरच होता आणि त्याचंही नाव कुठे नाही. देखणेपणा दिसला की लगेच संशय घ्यायचा, हे मला मान्य होणार नाही. गरिबाच्या वस्तूवरही कुणीतरी जीव ओतून काम केलं, हे मला पोरांना दाखवायचंय.

भाची : त्या कामगाराचं नाव शोधणार असाल तर माझी हरकत नाही. देखणेपणाबद्दल मात्र आपलं जमणार नाही. मी रोज खोकणारी माणसं बघते, मला त्या चित्राकडे तुमच्यासारखं बघता येत नाही.

मामा : नको बघूस. दोघांची मतं भिंतीवर लावू. पण मजुरीचे आकडे अधिसूचनेतून मिळतील, छाटीचे मिळणार नाहीत.

भाची : ते कागदावर कुणी लिहिलेच नाहीत. ते आईला माहीत आहेत, कुंभारीतल्या तिच्या शेजारणींना माहीत आहेत. तपासणारा कोण कसा होता, सणाच्या आठवड्यात छाट का वाढायची, विडी कामगार म्हणून ओळखपत्र कसं मिळवलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. सत्तरच्या दशकात वळायला बसलेल्या पोरी आज सत्तरीला आल्यात. कागद तुमच्या वहीत आणखी पन्नास वर्षं टिकेल, मामा. त्या टिकणार नाहीत.

मामा : सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया. सगळीकडे हीच गत असणार.

भाची : म्हणून प्रदर्शन पुढच्या वर्षी करा. आधी सोलापूरला चला. मी रजा टाकते, तुम्ही तुमची वही घ्या. एकेक लेबल त्या बायकांसमोर ठेवू आणि विचारू, ही तुम्ही वळलीय का? किती हजार? काय मिळालं? जे सांगतील ते त्यांच्या नावानिशी, त्यांना विचारून, लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहू.

मामा : लेबलावर लिहायचं? संग्राहक असं करत नाहीत, बाळ. किंमत जाते त्याची.

भाची : बाजारात जाईल.

मामा : ...ठीक आहे. शाई नको, पेन्सिलीनं लिहू. पेन्सिल कागद खात नाही. आणि अक्काला आजच फोन कर, म्हणावं शेजारणींना सांगून ठेव.